मुक्त विद्यापीठाची बीसीए आणि जर्मनीतलं कम्प्युटर सायन्सचं मास्टर्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इग्नूतून दूरशिक्षणाने बीसीए, ६८ टक्के, शिकताशिकताच तीन वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी, आणि आता जर्मनीत कम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स करायचंय. डिस्टन्सची डिग्री तिकडे चालते का? मीही मुक्त विद्यापीठाच्या पदवीवरच इथे जर्मनीत आले, मास्टर्स केलं आणि आता इथेच नोकरी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चालते. दूरशिक्षण हा शब्द ऐकून इथे कुणी नाक मुरडत नाही. जर्मनीचं स्वतःचं सरकारी दूरशिक्षण विद्यापीठ हागेनला १९७४ पासून आहे. अडतं ते दुसरीकडेच. प्रवेश समिती तुमच्या विषयांची यादी घेऊन बसते आणि बघते की गणित किती आहे, सैद्धांतिक संगणकशास्त्र किती आहे. त्यामुळे ‘चालते का’ याची चिंता सोडा आणि ग्रेड कार्ड समोर घेऊन बसा.

पण आधी भारताच्या बाजूचं एक काम उरका. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. इग्नू संसदेच्या कायद्याने १९८५ मध्ये स्थापन झालं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. या दोघांच्या बाबतीत सहसा कुणी शंका काढत नाही. एखाद्या खासगी विद्यापीठातून डिस्टन्स केलेलं कुणी हे वाचत असेल, तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत तुमच्या प्रवेशाच्या वर्षी तुमच्याच अभ्यासक्रमाला मान्यता होती का, हे बघून त्या पानाची प्रत काढून ठेवा. मग जर्मनीच्या आनाबिन या सरकारी डेटाबेसमध्ये विद्यापीठाचा दर्जा आणि पदवीचा प्रकार, दोन्ही नोंदी तपासा. लोक पहिली बघतात आणि दुसरी विसरतात.

आता क्रेडिटचं बघू. सगळ्यात जास्त वेळ इथेच घाला. इग्नूचं एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास: वाचन, असाइनमेंट, समुपदेशनाची सत्रं सगळं धरून. युरोपातलं एक ईसीटीएस क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास, आणि तेही घरचा अभ्यास धरूनच. म्हणजे तासांचा हिशेब केला तर दोन्ही जवळपास सारखीच. ऐकायला बरं वाटतं, पण इथल्या तीन वर्षांच्या बॅचलरला १८० ईसीटीएस लागतात आणि इग्नूच्या बीसीएची बेरीज त्यापेक्षा बरीच कमी भरते. नियमित कॉलेजच्या मुलांना हा प्रश्न कमी येतो, कारण त्यांचं क्रेडिट आठवड्याच्या तासिकांवर मोजलेलं असतं आणि विद्यापीठं ‘तीन पूर्ण वर्षं म्हणजे १८०’ असं धरून त्याच प्रमाणात प्रत्येक विषय वाढवतात. तुमच्या बाबतीत कोण कोणती पद्धत लावेल ते विद्यापीठागणिक बदलतं. म्हणून प्रत्येक विभागाच्या प्रवेश समन्वयकाला ईमेल लिहून विचारा: तीन वर्षांची पदवी आहे, एकूण क्रेडिट इतकी, एका क्रेडिटचे तास इतके, रूपांतर कसं करता? उत्तर लेखी मिळतं, आणि अर्जाचे पैसे भरण्याआधी मिळतं. स्वतःच आकडे फुगवून लिहू नका. प्रोग्राम गाइडमधलं क्रेडिटच्या तासांचं पान जसंच्या तसं जोडा.

मग एक तक्ता करा. एका बाजूला त्या विद्यापीठाने मागितलेले गट, दुसऱ्या बाजूला तुमचे विषय. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, बेसिक मॅथेमॅटिक्स, स्टॅटिस्टिकल टेक्निक्स, न्यूमरिकल टेक्निक्स हे गणितात. डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम वेगळे दाखवा. नेटवर्क, कम्प्युटर ऑर्गनायझेशन, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग त्यांच्या त्यांच्या जागी. प्रत्येक विषयाखाली अभ्यासक्रमातले घटक दोन-तीन ओळींत लिहा, कारण ‘बेसिक मॅथेमॅटिक्स’ एवढ्या नावावरून समितीला काहीच कळत नाही. आत मॅट्रिक्स आणि कॅल्क्युलस आहे हे सांगावं लागतं. तक्ता भरताना लक्षात येईल की ऑटोमाटा आणि थिअरी ऑफ कम्प्युटेशनची जागा रिकामी राहते. बीसीएवाल्यांची नेमकी दुखरी नस हीच.

ती भरायचे मार्ग आहेत. अनेक विद्यापीठं सशर्त प्रवेश देतात: पहिल्या वर्षात बॅचलरचे काही विषय जादा पास व्हायचे, सहसा ३० ईसीटीएसपर्यंत. ही अट आली तर आनंदाने घ्या, दार उघडलंय. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावर परीक्षेसह केलेला कोर्स क्रेडिट म्हणून क्वचितच धरतात, पण तुमची तयारी दाखवायला उपयोगी पडतो. गेटची कम्प्युटर सायन्सची परीक्षा तीन वर्षांच्या पदवीवर देता येते आणि तिच्यात नेमका हाच सैद्धांतिक भाग असतो. चांगला स्कोअर आला तर तुमच्या अर्जाचं वजन वाढतं. केवळ या कमतरतेसाठी दोन वर्षांचं एमसीए करावं असं मला वाटत नाही. पण गणिताची तूट ३० ईसीटीएसच्याही पुढे जात असेल, तर मात्र तो विचार करा.

कोर्स निवडताना त्याची लांबी बघा, हे कुणी सांगत नाही. बॅचलर आणि मास्टर्स मिळून ३०० ईसीटीएस व्हावे लागतात. उपयोजित विज्ञानाच्या अनेक होखशूलंमध्ये (प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या विद्यापीठांत) मास्टर्स तीन सेमिस्टरचं, ९० ईसीटीएसचं असतं, म्हणजे बॅचलर २१० चं हवं. तीन वर्षांची पदवी तिथे पहिल्याच चाळणीत गळते. तुम्ही चार सेमिस्टरची, १२० ईसीटीएसचीच मास्टर्स बघा.

गुणांचं जर्मन श्रेणीत रूपांतर सुधारित बवेरियन सूत्राने होतं. या श्रेणीत १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण, म्हणून आकडा जितका लहान तितका चांगला. शंभरातून तुमचे गुण वजा करा, त्याला तीनने गुणा, मग कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांतल्या फरकाने भागा आणि एक मिळवा. उत्तीर्णतेची रेषा ४० धरली तर ६८ टक्क्यांचे २.६ होतात. जिथे २.५ ची मर्यादा असते तिथे ७० टक्के लागतात, म्हणजे तुम्ही थोडक्यात बाहेर. अशा ठिकाणी अर्जाचा खर्च करू नका.

कागदपत्रांत सगळ्यात आधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची जर्मन बाजूने झालेली पडताळणी. भारतीय विद्यार्थ्यांना ते १ नोव्हेंबर २०२२ पासून बंधनकारक झालं. तेव्हा शुल्क १८,००० रुपये ठरलं होतं. ते यायला वेळ लागतो, त्यामुळे शेवटचा निकाल लागला की लगेच प्रोव्हिजनल आणि एकत्रित ग्रेड कार्डच्या मागे लागा. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या सामाईक सेवेमार्फत जातात: पहिल्याला ७५ युरो, त्याच हंगामातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सेमिस्टरसाठी अनेक ठिकाणी परदेशी अर्जदारांची मुदत ३१ मे, काही ठिकाणी १५ जुलै. इंग्रजीसाठी माध्यमाच्या दाखल्यावर विसंबू नका, आयईएलटीएस द्या.

खर्चाचं एवढंच सांगते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळ्यापासून शुल्क सुरू केलंय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या बँक खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे आणि तो वेळोवेळी वाढतो. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरचं घरभाडं त्या भरवशावर धरू नका.

मोटिव्हेशन लेटरमध्ये डिस्टन्स लपवू नका. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करून पदवी घेतली हे दुसऱ्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा, आणि नोकरीतलं कोणतं काम कोणत्या विषयाला जाऊन भिडतं ते दाखवा. शिफारसपत्र मागितलं तर एक प्रोजेक्ट गाइडचं घ्या, एक मॅनेजरचं. अभ्यास केंद्रावरचे समुपदेशक तुम्हाला नावाने ओळखत नसतील, तर त्यांच्याकडून दोन गुळगुळीत ओळी आणण्यात अर्थ नाही.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या लोकांना पदवीशिवायही ईयू ब्लू कार्ड, म्हणजे कुशल कामगारांसाठीचा राहण्याचा आणि नोकरीचा परवाना, मिळू शकतं. गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा, पदवीच्या पातळीच्या कामाचा अनुभव हवा आणि ठरलेल्या पगाराची नोकरी हातात हवी. तुमची तीन वर्षं भरलीत. तेव्हा आत्ताच्या कंपनीकडून कामाचं स्वरूप नीट मांडलेलं अनुभवपत्र घ्या आणि मास्टर्सच्या अर्जांबरोबर नोकरीचेही अर्ज टाका. शिकायची मनापासून ओढ असेल तर मास्टर्सच निवडा. ते झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. फक्त इथे येऊन काम करायचं असेल, तर ब्लू कार्डावर थेट नोकरीला या, दोन वर्षं आणि ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे वाचतील.