दिवसा झोपणाऱ्याची रात्र

"ताई, शेजाऱ्याले म्हणू तं वैर होते, नाही म्हणू तं डोकं फुटते." यवतमाळकडचे एक कास्तकार काका हिवाळ्यात माझ्याकडे आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

भिंतीला भिंत लागून शेजारणीची पिठाची चक्की. सकाळी आठला पट्टा फिरू लागला की काकांच्या फळीवरचे गंज, म्हणजे पातेली, थरथरायचे. शेतपंपाची थ्री फेज लाइन, म्हणजे वीज, आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रातची लाइन असली की गव्हाच्या ओलितासाठी रात्र वावरात जायची आणि पहाटे घरी येऊन पाठ टेकली, की घर्रर्र!

दोन महिने काका अक्षर बोलले नाहीत. दार मात्र आपटलं, तिच्या पोरावर खेकसले, दळण दुसऱ्या चक्कीवर न्यायला लागले. याला मी न बोलता भांडणं म्हणते.

"११२ लावू काय?" त्यांनी विचारलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते ६. वस्तीत मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. मध्यरात्री डीजे वाजत असता तर लावाच म्हटलं असतं. पण काकांची रात्र सकाळी सुरू व्हायची, ती नियमात कुठून सापडणार? तंटामुक्ती समितीपुढे जायचं, तर एकट्या बाईची रोजी चारचौघांत उभी करायची. तेही त्यांना नको होतं.

मग बोलायचं काय, ते आम्ही घोकलं. काकांचं पहिलं वाक्य, "तुमच्या चक्कीनं जीव नकोसा केला." हे खोडलं. आवाज चालू असताना जायचं नाही, संध्याकाळी चक्की बंद झाल्यावर जायचं. आणि मागायचं ते नेमकं, घड्याळ लावून. तुरीच्या शेंगा घेऊन जायचं डोकं मात्र काकूंचं.

"वयनी, आठ दिवस लाइन रातची हाये. दुपारी एक वाजेलोक झोपू देता काय?"

"मंग सांगाचं ना भाऊजी! मले वाटे, पीठ जाडं येते म्हणून रागावले."

आता त्या आठवड्यात बाया सकाळी डबे ठेवून जातात, दळण दुपारी होतं. मोटारीखाली जुन्या टायरचे तुकडेही घातले. गंज थोडे कमी थरथरतात.

पहिल्या आठवड्यात ती दोनदा विसरली. काकूंनी दारातून नुसता हात केला, पट्टा थांबला. काकांचं दळण परत तिच्याकडेच जातं. पीठ खरंच जाडं येतं, म्हणतात.