बाळाचं नाक चोंदलंय, बाम लावू का?

प्रश्न: मुलगी 4 महिन्यांची आहे, नाक इतकं चोंदलंय की दोन घोट पिते आणि सोडून रडायला लागते. बाम लावला तर चालेल का?

उत्तर: बाम नकोच ताई, कापूर-मेन्थॉलवाला तर 2 वर्षांच्या आत अजिबातच नाही. एवढी बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, म्हणून पिताना अडतं. पाजायच्या 10-15 मिनिटं आधी दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे (म्हणजे नाकात टाकायच्या निर्जंतुक मिठाच्या पाण्याचे) 2-2 थेंब टाका, मिनिटभर थांबा, शेंबूड सैल झाला की सक्शन बल्ब (शेंबूड ओढून काढायचा छोटा रबरी फुगा) बाहेरच दाबून घ्या, मग नाकपुडीच्या तोंडाशी हलकेच टेकवून दाब सोडा, आत खुपसू नका, सारखं सारखं केलं तर नाक आतून सुजतं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा पीतच नसेल तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.