मग्दालीया मरीया वाळवंटात नव्हती

प्रश्न असा आला आहे: मध्ययुगीन संतचरित्रांवरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करताना 'मग्दालीया मरीयेने वाळवंटात तीस वर्षं तपश्चर्या केली' असं वाक्य तयार झालं (मग्दालीया मरीया म्हणजे येशूची शिष्या). पण लेखातली गुहा आहे दक्षिण फ्रान्समध्ये आणि तिच्याभोवती दाट झाडी. मग 'डेझर्ट'ला वाळवंट म्हणावं की मरुभूमी? आणि 'हर्मिट'ला, म्हणजे एकट्याने राहणाऱ्या साधूला, संन्यासी चालेल का?

वाळवंट नको. मरुभूमीही नको. हे 'वाळवंटातले संत' प्रकरण ऐकून ऐकून कान किटले आहेत. माहितीपटाचं मराठी निवेदन असो, चित्राखालची ओळ असो की अनुवादित लेख, 'डेझर्ट' दिसला की लेखणी आपोआप वाळूकडे वळते. सहाराला वाळवंट म्हणा, थरला म्हणा, माझी काही हरकत नाही. पण जुन्या लॅटिन संतकथांमधल्या 'देसेर्तुम'चा आणि वाळूचा संबंध योगायोगाचा आहे. 'देसेरेरे' म्हणजे सोडून जाणं, संबंध तोडणं. त्याच धातूपासून फौज सोडून पळणारा 'डेझर्टर' आला. देसेर्तुम म्हणजे माणसांनी सोडलेली किंवा कधी धरलीच नाही अशी जागा. तिथे वाळू असेल, चिखल असेल, समुद्रही असेल.

समुद्र म्हणालो ते उगाच नाही. स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटाचा मठाधिपती अॅडम्नान याने सातव्या शतकाच्या अखेरीस संत कोलुम्बाचं लॅटिन चरित्र लिहिलं. त्यात कॉर्मक नावाचा एक साधू आहे. हा तीन वेळा होडी घेऊन निघतो आणि शोधतो काय, तर 'महासागरातला एरेमुस'. एरेमुस हा देसेर्तुमचाच जोडीदार शब्द, ग्रीकमधून आलेला. एका सफरीत दक्षिणेचा वारा त्याला चौदा दिवस सरळ उत्तरेला ढकलत नेतो. मग बेडकाएवढे, नांगी असलेले ओंगळ जीव पाण्यातून येऊन होडीच्या कातड्याच्या तळाला असे भिडतात की ते कातडं आता फाटतं की काय अशी भीती पडते. तिकडे आयोनात कोलुम्बा प्रार्थना करतो, वारा फिरतो आणि कॉर्मक परततो. एरेमुस त्याला काही सापडत नाही. आता इथे 'महासागरातलं वाळवंट' लिहिणार का? आयर्लंडमध्ये तर 'डिसर्ट' किंवा 'डायसर्ट' या शब्दाने सुरू होणारी गावं आहेत. क्लेअर परगण्यातलं डायसर्ट ओडे हे त्यांतलं एक. देशात पाऊस थांबत नाही आणि गावाचं नाव देसेर्तुमवरून! कारण तिथे कधी काळी कुणी एकटा साधू राहिला होता.

इंग्लंडातही तेच. गथलॅक नावाचा तरुण सरदार लढाया सोडून ६९९ साली क्रोलंडच्या दलदलीत जाऊन राहिला. डास, धुकं, काळं पाणी आणि वेताची बेटं असा तो मुलूख. त्याचा चरित्रकार फेलिक्स त्या दलदलीला सरळ एरेमुस म्हणतो, तोही 'अतिविशाल'. मूळ अर्थ वाळूचा असता तर गुडघाभर चिखलाला हा शब्द लावायची हिंमत कुणाला झाली नसती.

आता आपल्या शब्दाकडे या. मराठी माणसाच्या मनात 'वाळवंट' म्हटल्यावर पहिल्यांदा काय येतं? चंद्रभागा. तुकोबांनी वैष्णवांचा खेळ मांडला तो वाळवंटात. आषाढीला तिथे तीळ ठेवायला जागा नसते. टाळ, मृदंग, पताका आणि माणसांच्या लाटा. ज्या शब्दात आपल्या भाषेने इतकी गर्दी भरून ठेवली आहे, तो शब्द माणसाच्या नावाने शून्य असलेल्या जागेसाठी वापरायचा, हे मला सहन होत नाही. शाळेच्या भूगोलाने वाळवंटाला दुसरा अर्थ दिला आणि तो रुळला, हे मान्य. पण संतकथेत पाऊल टाकताच पहिला अर्थ जागा होतो.

मग्दालीयेची ही कथा मुळात तिची नाहीच. इजिप्तची मरीया म्हणून एक संत आहे. अलेक्झांड्रियात सतरा वर्षं वेश्येचं आयुष्य जगून, मग यार्देन नदी ओलांडून ती सत्तेचाळीस वर्षं एकटी राहिली. सोबत काय, तर थोड्या भाकरी. शेवटी झोसिमस नावाच्या वृद्ध साधूला ती भेटते. तिच्या मरणानंतर सिंह येऊन खड्डा खणतो. हे चरित्र ग्रीकमध्ये होतं, ते नेपल्सच्या पाऊल नावाच्या डीकनने, म्हणजे चर्चमधल्या धर्मसेवकाने, नवव्या शतकात लॅटिनमध्ये आणलं. नाव तेच मरीया, पश्चात्तापही तसाच, त्यामुळे दोन्ही कथांची सरमिसळ व्हायला वेळ लागला नाही. त्याच शतकात मग्दालीयेचं 'एरेमुसवासाचं चरित्र' युरोपभर फिरू लागलं: ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणानंतर तिला माणसाचं तोंड पाहवेना, ती निर्जनात गेली, माणसांचं अन्न सोडलं, देवदूत तिला वर उचलून नेऊ लागले.

बाराव्या शतकात सिस्टर्शियन या साधुपंथातल्या एका अनामिक लेखकाने ही सगळी भेसळ उघडी पाडली. मग्दालीया अरबस्तानातल्या निर्जनात पळाली, गुहेत विवस्त्र राहिली, मग कुणा पुरोहिताकडे तिने वस्त्र मागितलं, हे सगळं खोटं आहे आणि इजिप्तच्या मरीयेच्या कथेतून उचललेलं आहे असं तो ठणकावतो. शिवाय कथेकरी जोसेफस या इतिहासकाराचा हवाला देतात, तर जोसेफसच्या ग्रंथांत मग्दालीयेचं नावसुद्धा नाही, हेही तो दाखवून देतो. मध्ययुगातले लोक मिळेल ते गिळत होते असं मानणाऱ्यांनी हा उतारा जरूर वाचावा.

पण कथा थांबली नाही. तेराव्या शतकात जाकोबुस दे वोराजिने याने 'सुवर्ण आख्यान' या आपल्या संतचरित्रसंग्रहात ती पक्की केली, तीही दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये. मग्दालीया 'अत्यंत खडतर एरेमुसात' जाते, तीस वर्षं अज्ञात राहते, दिवसातल्या सात प्रार्थनावेळांना देवदूत तिला अंतराळात नेतात. तिथली जागा म्हणजे सेंत-बोम. 'बोम' हा प्रोव्हान्सी भाषेतला गुहेचा शब्द. उंच कड्याच्या पोटात गुहा आणि कड्याच्या उत्तरेकडच्या सावलीत बीच वृक्षांचं गर्द, गार रान. भूमध्य समुद्राच्या तापलेल्या किनाऱ्याजवळ बीच एरवी तग धरत नाही. इथे कड्याची सावली त्याला जगवते. १२९५ पासून डोमिनिकन पंथाच्या साधूंकडे या स्थळाची जबाबदारी आली. प्रश्नकर्त्याला जी झाडी खटकली ती हीच.

इथे वाळूपंथी मंडळी एक पुरावा काढतात. एका ज्येष्ठ अनुवादकांनी तो माझ्यासमोर मोठ्या ठामपणे ठेवला होता: 'सुवर्ण आख्याना'तच लिहिलंय, तिथे ना पाण्याचे ओहोळ, ना झाडांचा आधार, ना गवताचा. मग वाळवंट का नाही? अहो, तो लेखक सेंत-बोम बघून लिहीत नव्हता. त्याच्यापुढे इजिप्तच्या मरीयेचा नमुना होता. तिकडचा रखरखाट त्याने जसाच्या तसा इकडे आणला. आणि तरीही शब्द कोणता वापरला? एरेमुस. त्याच्या वाक्यात वाळूचा कण नाही. अन्नपाण्यावाचून ती फक्त स्वर्गीय अन्नावर जगली हे त्याला ठसवायचं होतं, भूगोल सांगायचा नव्हता.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. ग्रीक 'एरेमॉस' म्हणजे एकाकी, रिकामं. काही व्युत्पत्तिकार त्याचं नातं आपल्या 'ऋते'शी लावतात. गीतेच्या अकराव्या अध्यायातला 'ऋतेऽपि त्वाम्' आठवा: तुझ्यावाचूनही. म्हणजे एरेमॉसच्या गाभ्यात 'वाचून' आहे. मला हे पटतं आणि अतिशय आवडतं. मात्र एरेमॉस आणि अरण्य एकाच धातूचे, असं जे काही हौशी लोक ध्वनिसाम्यावरून ठोकून देतात, ते साफ चूक. अरण्य आलं 'अरण'वरून. वेदात अरण म्हणजे दूरचा, परका. शब्द वेगळे, वंश वेगळे. आणि तरी दोघांची नजर एकाच गोष्टीवर, की गाव कुठे संपतं. अरण्य म्हणजे झाडं, हा नंतरचा अर्थ.

पटत नसेल तर पाली विनय, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ, बघा. चोरीच्या नियमात अरण्याची व्याख्या अशी दिली आहे: गाव आणि गावाची शीव वगळून उरलेलं सगळं ते अरण्य. एका झाडाचाही उल्लेख नाही! अरण्यवासी भिक्षूची कुटी गावापासून किमान पाचशे धनुष्यं लांब असावी असंही माप आहे. अरण्य हे अंतराचं नाव आहे. 'सुवर्ण आख्याना'तही मग्दालीयेपासून बारा स्टेडियम (हे जुन्या काळचं लांबीचं माप) अंतरावर एका पुरोहिताची कुटी आहे आणि तो तिकडून तिचं वर जाणं पाहतो. त्याही लेखकाला तिचं एकटेपण मोजून दाखवायचं होतं.

आणि ज्यांना 'जंगल' हा 'डेझर्ट'च्या अगदी उलट वाटतो, त्यांनी चरक उघडावा. आयुर्वेदात भूमीचे तीन प्रकार: जांगल, आनूप, साधारण. आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीची. जांगल म्हणजे कोरडी, उघड्या आभाळाची. शमी, खैर अशी विरळ झाडं, खरखरीत वाळू-खडे आणि वर मृगजळ. म्हणजे रखरखीत जमिनीचा शब्द आपल्याकडे फिरत फिरत घनदाट वनापर्यंत आला, आणि तिकडे युरोपात इजिप्तच्या रखरखाटासाठी रुळलेला शब्द बीचच्या रानावर जाऊन बसला. दोन्हीकडे ओलावा बदलला, झाडं बदलली. कायम राहिला तो गावाबाहेरपणा. मला तर वाटतं, जांगलचा अर्थ बदलला तोही अरण्याच्या शेजारामुळे. गावाबाहेरच्या सगळ्या जमिनीला लोक एकच नाव देऊ लागले आणि त्यात आनूपची झाडी शिरली.

म्हणून 'अरण्य' हाच शब्द योग्य, आणि तो मी शोधलेला नाही. जुन्या मराठी बायबलात योहान अरण्यातच घोषणा करतो, येशूची परीक्षा अरण्यातच होते. यहूदियाचा तो भाग उघडा-बोडका असूनही. त्या भाषांतरकारांना शब्दाची जाण होती. तिथे वाळवंट घालून कुणी त्याला सुधारणा म्हणत असेल, तर ते मला अजिबात मान्य नाही. 'रान' सुटसुटीत आहे, अरण्याचाच मुलगा आहे, पण सातारा-सांगलीकडे 'रानात गेलाय' म्हणजे शेतावर कामाला गेलाय, त्यामुळे तिथल्या वाचकाला मग्दालीया खुरपणीला गेल्यासारखी वाटेल. 'ओसाड' देसेर्तुमला जवळचा, पण त्यात आधी वस्ती होती आणि मग उठली अशी छटा येते. परंपरेने मरुभूमीचा अर्थ पाण्यावाचून मरण येतं ती भूमी असा सांगतात. तीस वर्षं जगून दाखवणाऱ्या बाईच्या कथेत तो कशाला?

राहिला हर्मिट. लॅटिन 'एरेमिता', म्हणजे एरेमुसात राहणारा. शब्द जागेवरून आला आहे, त्यागावरून नाही. संन्यासी गावोगाव भिक्षा मागतो, मठात राहतो, शिष्य करतो. बैरागी हिंडतो. वानप्रस्थ रचनेने जवळचा, पण तो आश्रम आहे, पत्नीसह जाता येतं. तेव्हा 'अरण्यवासी' लिहा; फार तर 'एकांतवासी'. तुमचं वाक्य असं होईल: 'मग्दालीया मरीया तीस वर्षं अरण्यवासात होती.' आणि 'तपश्चर्या' काढून टाका. मूळ कथेत ती वर मागायला बसलेली नाही, ध्यानाला आसुसलेली आहे.