इंग्लंडमध्ये शेतातून जाणाऱ्या पायवाटेने चालायला शेतमालकाची परवानगी लागते का?

नाही, ती वाट ‘पब्लिक फुटपाथ’ म्हणून नोंदलेली असेल तर कुणालाही विचारावं लागत नाही. जमीन खासगी असली तरी त्या वाटेवरून चालण्याचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. शेतात पीक उभं असलं तरी वाट मोकळी ठेवणं हे शेतकऱ्याचं काम. कुंपणाच्या खांबावर पिवळा बाण दिसला की ती फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळ्या बाणाच्या वाटेवर घोडे आणि सायकलीही येतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा नकाशा मात्र जरूर घ्या. त्यात या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, शेताची कुंपणंसुद्धा दिसतात. मोबाइलची रेंज डोंगरात कधी जाईल सांगता येत नाही.

पण हा हक्क वाटेपुरताच आहे, बाकीच्या शेतात शिरता येत नाही. २००० सालच्या कायद्याने खुल्या केलेल्या डोंगर-माळांवर, उदाहरणार्थ ‘पीक डिस्ट्रिक्ट’ राष्ट्रीय उद्यानातल्या किंडर स्काउट या पठारावर, वाट सोडूनही हिंडता येतं. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंदच ठेवा. वासरांसोबत गाई असतील तर लांबून वळसा घालून जा. सोबत कुत्रा असेल तर त्या खरोखर अंगावर येतात.