पेट्रोलचा ग्रास कटर दिवाळीनंतर ठेवून दिला होता, आता सुरूच होत नाही. कार्बोरेटर बदलू की नवीन मशीन घेऊ?

दोन्ही नका करू. आधी टाकीतलं पेट्रोल आरपार दिसणाऱ्या काचेच्या बाटलीत काढा अन् पंधरा-वीस मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर बसला तर दुखणं सापडलं. नाही बसला तरी ते पेट्रोल परत मशीनमध्ये घालू नका.

तुमचा प्रश्न वाचला अन् माझा उजवा खांदा आपोआप दुखायला लागला. आमची वरूडकडे संत्र्याची बाग आहे. मागच्या जुलैत पाऊस लागला, झाडांच्या ओळींत गवत गुडघ्याच्या वर गेलं, निंदायला बाया मिळेनात. गोठ्यात टांगलेलं मशीन काढलं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. कोणी भरली? आमच्या मोठ्या भाऊनं. दिवाळीत धुरे कापून झाल्यावर मी टाकी रिकामी करायला बसलो, तर हा म्हणे, "रिकाम्या टाकीले आतून जंग लागते. भरून ठेवत जाय." हे ज्ञान त्याच्या राजदूत मोटरसायकलच्या काळातलं. तिथं ते बरोबरच होतं, टाकी लोखंडी होती. ही प्लास्टिकची आहे, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. "तुले काय समजते मशीनमधलं?" विषय संपला.

तर दोरी ओढून ओढून मी थकलो. मग भाऊनं ओढली. दर चार झटक्यांनी "चोक लाव, चोक लाव" चालू. शेवटी मशीन तालुक्याला नेलं. तिथल्या मिस्त्रीनं प्लग बदलला, मग कॉइल गेली म्हणून कॉइल बदलली, दोन्हीचे पैसे घेतले, अन् मशीन जसंच्या तसं. आठ दिवस गेले. गवत कमरेला लागलं.

रात्री मीच ओट्यावर मशीन घेऊन बसलो. पेट्रोल बाटलीत काढलं. वर टूटी ऑइलचा (टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलात मिसळतात ते) रंग असलेलं पेट्रोल अन् खाली दोन बोटं फिकट पाण्यासारखं काहीतरी. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, हवेतलंसुद्धा. आमच्या गोठ्याचं टिन गळतं अन् टाकीचं झाकण सैल, म्हणजे वरून थेंबही गेले असतील. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासकट पेट्रोलातून फुटून तळाला बसतं. टाकीतल्या नळीच्या टोकाला जो जड फिल्टर असतो, तो तळालाच पडून राहतो. म्हणजे इंजिनला सगळ्यात आधी हेच पाणी जाणार, तेही बिनतेलाचं. कॉइल सोन्याची बसवली असती तरी काय झालं असतं?

कार्बोरेटर खोलला तर आतला पातळ रबरी पडदा पापडासारखा कडक. पेट्रोल ओढायचं काम तोच करतो. पूर्ण कार्बोरेटर घ्यायची गरज नाही, पडद्याची किट वेगळी मिळते, मला दीडशेला मिळाली. जेटच्या, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात चिकट मळ होता, तो कार्बोरेटर क्लीनरच्या फवाऱ्यानं निघाला. तार घालू नका, भोक मोठं होतं. टाकीतला फिल्टर बदलला, ताजं पेट्रोल घातलं, तिसऱ्या झटक्याला चालू. रात्रीचे अकरा वाजले होते. मी मुद्दाम फुल रेस दिली, भाऊच्या खिडकीखाली. बाहेर येऊन म्हणतो काय, तर "मी सांगतलंच होतं, प्लग नवा पाहिजे."

तुमच्या मशीनवर आधी एवढंच करा. ताजं पेट्रोल घालून रबरी फुगा दाबा, दहा झटके ओढा अन् प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, म्हणजे फिल्टर, नळी किंवा पडदा. ओला असेल तर ओव्हर झालंय, म्हणजे पेट्रोल जास्त गेलंय. प्लग पुसा, चोक उघडा, प्लग बाहेर ठेवूनच आठ-दहा झटके द्या, मग लावा. ओला असून करंटच दिसत नसेल, तरच कॉइलकडे जा. सायलेन्सरच्या तोंडातही एकदा बघा. कुंभारीण माशी मातीचं घर करून ठेवते, मग इंजिनचा श्वासच कोंडतो.

हे सगळं टू-स्ट्रोकचं सांगतोय. तुमचं फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलात ऑइल मिसळू नका, त्याचं ऑइल वेगळं असतं. टू-स्ट्रोकला लिटरला किती मिली ते मशीनच्या पुस्तकात बघा. कुठं २० लागतं, कुठं ४०, माझ्यावर जाऊ नका. अन् पेट्रोल काढताना जवळ बिडी नको.

या दिवाळीत मी टाकी रिकामी केली, मग मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा झाला. भाऊ दारात उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तर टाकी अर्धी भरलेली.