वाचकांचे प्रश्न : पाठीवरची सॅक आणि धबधब्याचं पाणी

प्रश्न : आम्ही चौघं मित्र पावसाळ्यात पातालपानी-चोरलच्या जंगलात एक रात्र मुक्कामाला जायचं म्हणतोय. सॅक किती जड असावी? आणि पाण्याची भीती घरचे घालतात तितकी खरी आहे का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : खरी आहे, म्हणून आधी पाण्याचंच. इथे माळव्याचं पठार संपून विंध्याचा उतार लागतो. खालचा काळा पाषाण पाणी फारसं मुरू देत नाही. वर महूकडे जोराची सर आली की ते सगळं अरुंद घळीत उतरतं. तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊनही असेल. जुलै २०११मध्ये पातालपानीच्या धबधब्यापाशी प्रवाहाच्या मध्यात अडकलेले लोक वाहून गेले ते असा अचानक लोंढा आल्यामुळे. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहू लागल्या किंवा आवाज वाढला, की ज्या काठावर असाल त्याच काठाने वर चढा. सामान राहिलं तर राहू द्या. तंबू नदीच्या वाळूत नको, काठावरच्या झुडपांत अडकलेला पुराचा जुना कचरा दिसतो त्याच्याही बराच वर लावा. जंगलात मुक्कामाची परवानगी वनविभागाकडून आधीच घ्या.

आता सॅक. तुमचं वजन साठ किलो असेल तर पाण्यासकट दहा किलोच्या आत. तंबू आणि स्टोव्ह चौघांत वाटून घ्या. जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यावर. तळाशी भरल्या तर सॅक मागे ओढते. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी शिरतंच. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात कपडे भरा. ओढा ओलांडताना पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर सॅक झटकन टाकता येईल. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडूच नका.

ओढ्याचं पाणी फडक्यातून गाळून, उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळू द्या. क्लोरीनच्या गोळ्या गढूळ पाण्यात नीट काम करत नाहीत.

पातालपानीहून कालाकुंड स्टेशनपर्यंत रेल्वेच्या रुळांवरून चालत जायचा मोह होईल. तो गुन्हा आहे, शिवाय वाटेत बोगदे आहेत.

खायला दुधातल्या दशम्या, चटणी, गूळ-दाणे पुरे. शेव न्यायचीच असेल (इंदूरकर नेणारच!) तर डब्यात न्या, सॅकमध्ये तिचा भुगा होतो.