आंतरविभागीय सहकार म्हणजे नक्की कोणाचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुलीला एमबीएच्या प्रोजेक्टसाठी युरोपातले वेगवेगळे प्रदेश एकमेकांशी मिळून इनोव्हेशन पॉलिसी आणि उद्योगवाढीचं काम कसं करतात यावर मराठीत टिपण द्यायचंय, तिनं मथळा केलाय 'नाविन्यता धोरणातील आंतरविभागीय सहकार', आणि तुम्ही विचारताय हे बरोबर आहे का.

खरं सांगू का, मथळा वाचल्यावर माझ्या डोळ्यासमोर युरोप नाही, आपल्या नाशिकचं सीबीएस स्टँडजवळचं कलेक्टर ऑफिस आलं.

विभाग म्हटलं की आपल्याला एक तर नाशिक विभाग, म्हणजे नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव, नंदुरबार हे पाच जिल्हे, नाहीतर कृषी विभाग, वन विभाग, म्हणजे खातं. त्यामुळे आंतरविभागीय वाचलं की वाटतं वन विभागाची फाईल महसूलकडे गेलीय आणि आता सहा महिने काही ती परत येत नाही. बरं प्रांत म्हणावं तर इकडे 'प्रांत' म्हणजे प्रांताधिकारी, "प्रांतसाहेब मीटिंगला गेलेत" असं रोज ऐकतो आपण. मग उरतो प्रदेश. तोच घ्या.

सहकार हा शब्द तर महाराष्ट्रात केव्हाच बुक झालाय. साखर कारखाना, पतसंस्था, गावातली विकास सोसायटी, १९६० चा सहकारी संस्था कायदा, निवडणूक, चेअरमन, सगळं त्याच्या मागे येतं. आपल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स बघा ना, हजारो शेतकरी एकत्र आलेत तरी तिला कोणी 'सहकारातली' म्हणत नाही कारण ती शेतकरी उत्पादक कंपनी आहे. म्हणजे नुसतं मिळून काम करणं याला सहकार्य, आणि त्या कायद्याखालची संस्था म्हणजे सहकार, एवढा एका 'य'चा फरक.

माझ्या मनातला शब्द मात्र वेगळाच आहे, सावड. माझे आजोबा दिंडोरीकडे शेती करायचे, आज आपले चार जण तुमच्या खळ्यावर, परवा तुमचे चार आमच्या, पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत पण हिशोब पक्का डोक्यात. इर्जिक वेगळी हं, तिथे सगळा गाव एकाच्या शेतात राबतो आणि मालक जेवण घालतो, परतफेडीचं काही ठरलेलं नाही. दोन प्रदेश आपापली युनिव्हर्सिटी, लॅब, कारखाने एकमेकांच्या कामी लावतात ती सावडच. मथळ्यात नका घालू, सर लाल शाई मारतील, पण आत एकदा तरी वापरा.

आता नाविन्यता. नवीनपासून नावीन्य झालं, वी दीर्घ, आणि तिथेच भाववाचक नाम पूर्ण झालं. त्याला परत 'ता' लावणं म्हणजे सौंदर्यता, चातुर्यता म्हणण्यासारखं. सरकारी खात्याच्या नावातच 'नाविन्यता' आहे हे मला माहितीये, त्यामुळे खात्याचं नाव लिहायचं तर तसंच लिहा, बाकी ठिकाणी नको. शिवाय नावीन्य म्हणजे नुसता नवेपणा. द्राक्षवाले थॉमसन जातीचं कलम डॉगरीज जातीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या भागावर, करायला लागले, तेव्हा ना थॉमसन नवीन होतं ना डॉगरीज, दोन्ही जुनंच, जोडून आपल्या पाण्यात आणि जमिनीत बाग उभी करणं हे नवीन. त्याला नवोपक्रम बरा बसतो, आणि नवोपक्रम स्पर्धांमुळे शाळेतल्या मास्तरांना तो पाठच आहे. नवोन्मेष दिसायला देखणा पण तो कवितेचा, उन्मेष म्हणजे उमलणं, धोरणाच्या फायलीत कोमेजतो. नवाचार हिंदीकडेच राहू द्या.

मथळा मग 'नवोपक्रम धोरणात प्रदेशांचं परस्पर सहकार्य'. प्रदेश इथे अजून एका कारणानं सोयीचा आहे. १९८८ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग, कॅटलोनिया, लोंबार्डी आणि रोन-आल्प (२०१६ पासून ओव्हेर्न-रोन-आल्प या मोठ्या प्रदेशात सामावलेला) यांनी मिळून काम करायचा करार केला, यातलं पहिलं जर्मनीतलं राज्य, दुसरा स्पेनमधला स्वायत्त प्रदेश, बाकी दोन इटली आणि फ्रान्सचे प्रदेश, आणि चौघांपैकी कोणाचीही हद्द दुसऱ्याला लागत नाही. राज्य म्हटलं तर तिघं बाहेर पडतात.

आणि हो, या चौघांच्या गटाचं नाव आहे 'फोर मोटर्स फॉर युरोप'. मुलीनं ते 'युरोपच्या चार मोटारी' केलंय, इकडे वाचणारा एक तर गाड्या समजेल नाहीतर विहिरीवरची पाच एचपी. चार इंजिनं करा.